आपल्या आधी कोण होतं?

बुधवार, ९ जुलै. सदाशिव पेठेतलं कार्यालय रिकामं करण्याचं काम चालू आहे.

सर, जागेचे मालक परवा येऊन गेले. "घाई नाही, अजिबात घाई नाही," असं तीनदा म्हणाले आणि जिना उतरता उतरता "शनिवारपर्यंत बघा" म्हणाले. त्यांचं काही चूक नाही. खालच्या क्लासवाल्यांना वर्ग वाढवायचा आहे, आणि तुम्हाला जाऊन आज दहा दिवस झाले. म्हणून सकाळी नऊला मी आणि रफीकभाईंनी कपाटं उघडली. एकोणीस वर्षं तुमची गाडी चालवलेला माणूस आज स्टुलावर चढून माळ्यावरच्या फायली खाली देत होता आणि प्रत्येक गठ्ठ्याबरोबर विचारत होता, "मॅडम, ही रद्दी का आठवण?"

"वाळवी लागली असेल तर रद्दी," मी म्हटलं.

"आणि नसेल तर?"

"तरी रद्दीच. पण सावकाश ठेवा."

महाविद्यालयाच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली. चौदा जण बोलले. ऋषितुल्य हा शब्द चार वेळा आला, अजातशत्रू सहा वेळा. अजातशत्रू माणूस निवडणुकीत पडत नाही, सर. तुम्ही चांगले दणकून पडला होतात. पण त्या दिवशी कोणी ते काढलं नाही. पंचवीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलंत, पदवीधरांनी दोनदा विधान परिषदेत पाठवलं, मग लोकांनी लोकसभेत पाठवलं आणि पुढच्या खेपेला घरी आणलं. हे सगळं छापून आलंय, मी पुन्हा लिहीत नाही. स्मरणिकेसाठी मलाही लिहायला सांगितलंय. "दोन पानं, भावपूर्ण," असं संपादक म्हणाले. ते माझ्याच्याने होणार नाही. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, तेवढी सांगते. दोन पानांत बसली नाही तर त्यांनी कापावी.

माझं सगळं तुमच्याकडे चिठ्ठी मागण्यापासूनच सुरू झालं. बी.ए. होऊन दोन वर्षं झाली होती, नोकरी नव्हती. तुम्ही नुकतेच आमदार झाला होतात. मी इथेच, या खोलीत, तुमच्यासमोर उभी राहिले. नाव सांगायला तोंड उघडलं तर तुम्हीच म्हणालात, "त्रेसष्ट. मागून दुसरा बाक. उत्तरं आखूड, पण मुद्द्याची."

मी म्हटलं, "सर, एका पतपेढीत कारकुनाची जागा आहे. तुमची चिठ्ठी मिळाली तर..."

"चिठ्ठी मी देत नाही. टायपिंग येतं?"

"येतं."

"मग बसा."

मी बसले ती आज दुपारी उठले. मधे माझं लग्न झालं, आडनाव बदललं. पेढे द्यायला आले तर म्हणालात, "रोल नंबर बदलत नाही." सुलभा ही हाक तुमच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. तुमच्या तोंडी मी शेवटपर्यंत त्रेसष्टच होते, तेही अहो-जाहो करून.

दाराबाहेरची पाटी रफीकभाईंनी आज उतरवली. चार स्क्रू, चारही गंजलेले. 'येथे चिठ्ठी मिळत नाही. सोबत मिळेल.' पेंटरने दोनदा विचारून घेतलं होतं, नक्की असंच लिहायचं का. पक्षातल्या लोकांनी कपाळाला हात लावला होता. आमदाराच्या दारात आणि असली पाटी! पण तुमचं म्हणणं साधं होतं. गोष्ट माणसाच्या हक्काची असेल तर तिला चिठ्ठी जोडली की ती मेहेरबानी होते; आणि हक्काची नसेल तर ती देणारा मी कोण? वर्गात शिकवायचात तसंच सांगायचात, बोट वर करून. ऐकणारा माणूस दाखल्यासाठी चौथ्यांदा हेलपाटा घालून आलेला असायचा. त्याला यातलं काही नको असायचं.

म्हणून दर मंगळवारी 'सोबत'. कोणाचं रेशनकार्ड, कोणाची पेन्शन, कोणाचा मृत्यूचा दाखला. त्या माणसाबरोबर तुम्ही स्वतः कचेरीत जायचात आणि रांगेत उभे राहायचात. खादीचा साधा शर्ट, पिशवी, पाण्याची बाटली. याला तुम्ही प्रात्यक्षिक म्हणायचात. त्याचे नियम होते. पोचल्यावर पहिल्यांदा मोठ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" जो हात वर करेल त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा. मधे कोणाला घुसू द्यायचं नाही आणि आपण घुसायचं नाही. खिडकीशी तीनच प्रश्न: अर्ज कोणत्या टेबलावर आहे, कधीपासून आहे, कशासाठी थांबला आहे. उत्तर मिळेपर्यंत आवाज न चढवता तेच तीन प्रश्न. लोक कंटाळून उत्तर द्यायचे.

तुमचे सभागृहातले प्रश्न तिथून आले. एकदा मंत्र्यांनी कुत्सितपणे विचारलं की सन्माननीय सदस्यांना इतकी बारीक माहिती मिळाली कुठून. तुम्ही म्हणालात, "खिडकी क्रमांक चारवरून. माझा सतरावा नंबर होता." सभागृह हसलं. पण त्या खिडकीवर पुढच्या महिन्यात दुसरा माणूस बसवला गेला. हे शोकसभेत कोणी सांगितलं नाही. बहुतेक कोणाला माहीत नव्हतं.

मग तुम्ही खासदार झालात आणि सगळं बिघडलं. पहिल्याच मंगळवारी आपण रेशनच्या कचेरीत गेलो. आपल्या पुढे तीसेक माणसं. पाच मिनिटांत आतून अधिकारी धावत आला, मागे शिपाई खुर्ची घेऊन. "साहेब, आपण इथे? आत चला, चहा सांगितलाय." सगळी खिडकी रिकामी झाली, रांग विस्कटली, जो तो तुम्हाला अर्ज द्यायला धावला. पुन्हा रांग लागली तेव्हा एक टोपीवाले आजोबा मागे फेकले गेले होते. ते तुमच्या तोंडावर म्हणाले, "तुमच्या पायी माझा नंबर ग्येला. यायचंच कशाला म्हन्तो मी?"

परतताना तुम्ही गाडीतून बाहेर बघत होता. रफीकभाईंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, खरं सांगू? तुम्ही आता रांगेत उभं राहायच्या लायकीचे उरला नाहीत."

तुम्ही हसलात. मग स्वारगेटपर्यंत हसला नाहीत. उतरताना म्हणालात, "पुढच्या मंगळवारपासून तुम्ही जा."

त्यानंतर मी जात राहिले. पाच वर्षं तुम्ही दिल्लीत आणि मी खिडकीसमोर. हडपसर, खराडी, कुठे कुठे. मला त्याचा राग यायचा, सर. तत्त्व तुमचं आणि पाय माझे दुखायचे. हे मी तुम्हाला तेव्हाही ऐकवलं होतं, त्यामुळे ते सांगायचं राहिलं असं नाही.

राहिलं होतं ते विलासच्या बदलीचं. माझ्या नवऱ्याची बदली नंदुरबारला झाली तेव्हा आमचा मुलगा नववीत होता आणि सासूबाई अंथरुणावर. मी तुमच्याकडे आले. इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागायची ती दुसरी वेळ. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि म्हणालात, "त्रेसष्ट, मी नाही म्हणणार हे तुम्हाला माहीत होतं. मग विचारलंत का?"

"कारण विचारलं नसतं तर तुम्हाला कळलंच नसतं की तुम्ही नाही म्हणालात."

मग मी जागेवर जाऊन दिवसाची पत्रं टाईप केली. माझ्या खणात तेव्हा तुमच्या सह्या केलेले कोरे कागद होते. अधिवेशनाच्या काळात लागायचे. उद्घाटनाला येऊ शकत नाही, लग्नाला शुभेच्छा, असली पत्रं. त्यातला एक घेऊन चार ओळी टाईप केल्या असत्या तर विलास पुण्यात राहिला असता. मी केल्या नाहीत. तुमच्या तत्त्वासाठी नाही, त्या खणाला कुलूप लावा असं तुम्ही मला कधी म्हणाला नव्हतात म्हणून. तीन वर्षांनी विलास परत आला तेव्हा स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वागायला लागला होता. पाणी हवं असलं तरी उठून घ्यायचा नाही, विचारायचा, "घेऊ का?" ते जायला आणखी दोन वर्षं गेली. हे तुम्हाला मी सांगितलं नाही. तुम्ही विचारायचात, "विलासराव कसे आहेत?" मी म्हणायचे, "मजेत."

पुढच्या निवडणुकीत समोरच्या उमेदवाराच्या कार्यालयात चिठ्ठ्यांचं छापील पुस्तकच होतं म्हणे, नाव घालून फाडून द्यायचे. तुम्ही पडलात. मतमोजणीच्या संध्याकाळी तुमच्या घरी काकूंनी पोहे केले. तुम्ही दोनदा घेतलेत आणि म्हणालात, "आता मंगळवारी मी येऊ शकतो." आणि खरंच यायला लागलात. सत्तरी ओलांडलेले, गुडघे दुखणारे, कोणी ओळखत नाही याचा आनंद चेहऱ्यावर. त्या दिवसांत मला तुमचा राग आला नाही, एवढं लिहून ठेवते.

आता मुख्य गोष्ट.

गेल्या महिन्यात दुपारी तुम्हाला धाप लागली आणि ओठ निळे पडले. काकूंचा फोन आला, मी आणि रफीकभाई तुम्हाला घेऊन दवाखान्यात गेलो. मोठा दवाखाना, खाली प्रचंड गर्दी. तपासून डॉक्टर म्हणाले, अतिदक्षता विभागात ठेवायला हवं, पण बेड नाही; एक रिकामा होतोय, त्यासाठी आधीचे पेशंट थांबले आहेत. तुम्ही स्ट्रेचरवर होता, तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. समोर बाकावर एक बाई बसली होती. पस्तिशीची असेल. जांभळी कापडी पिशवी मांडीवर. शेजारच्या स्ट्रेचरवर म्हातारा, तिचा बाप किंवा सासरा, त्यालाही मास्क. मी तिला विचारलं, "कधीपासून?"

"सकाळी आठपासून. म्हणतात, पुढचा आमचाच."

मी बाहेर गेले. तुमचा एक विद्यार्थी आरोग्य खात्यात मोठ्या जागेवर आहे, त्याचा नंबर माझ्याकडे होता. तीस वर्षांत जे वाक्य मी कधी वापरलं नाही ते वापरलं: "मी सरांकडून बोलते आहे." त्याने पुढे काही विचारलं नाही. वीस मिनिटांत आतून दोन माणसं आली आणि तुमचं स्ट्रेचर ढकलायला लागली. बाक आणि भिंत यांच्यात जागा कमी होती. त्या बाईने माझ्याकडे बघितलं, सर. स्ट्रेचरला वाट मिळावी म्हणून तिने आपले पाय आत ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलायच्या स्थितीत आलात. मला वाटलं, काकूंचं विचाराल, पाण्याचं विचाराल. तुम्ही मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "त्रेसष्ट, आपल्या आधी कोण होतं?"

मी म्हटलं, "कोणीच नव्हतं, सर."

"रांग नव्हती?"

"नव्हती."

"तुम्ही विचारलंत, शेवटचं कोण म्हणून?"

"विचारलं."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत.

तुम्ही विश्वास ठेवलात की नाही ते मला माहीत नाही. वर्गात कॉपी करणाऱ्या मुलाच्या मागे तुम्ही नुसते उभे राहायचात, बोलायचा नाहीत. त्या दिवशी तसं वाटलं. पण आजारी माणसाचं "बरं" हे नुसतं "बरं"ही असू शकतं. मला ठरवता आलेलं नाही, आणि आता ठरणारही नाही.

त्यानंतर तुम्ही रोज एकच विचारायचात. "आज खाली किती आहेत?" दुसरं खोटं बोलणं मला जमलं नाही, म्हणून मी रोज खाली जाऊन मोजून यायचे. सहा. नऊ. चार. तुम्ही मान हलवायचात. खाली गेले की त्या बाईला शोधायचे. खिडकीवरही विचारलं. मुलगी म्हणाली, "पेशंटचं नाव सांगा." मला नाव माहीत नव्हतं. जांभळ्या पिशवीवरून कोणी सापडत नाही.

त्या बेडवर तुम्हाला अकरा दिवस मिळाले. काकू तुमच्याशी भांडल्या, तुमच्या मुलाने परदेशातून येऊन तुमची दाढी केली, रफीकभाईंनी क्रिकेटचे निकाल सांगितले. शेवटच्या आदल्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "विलासरावांच्या वेळेला मी चुकलो असेन." मी "असू दे" म्हटलं. 'असेन' हा तुमचा शब्द. पुढे काही म्हणायच्या आत नर्स आली. ते अकरा दिवस मी कोणाचे तरी उचलून आणले होते. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा फोन करेन. हे तुम्हाला आवडणार नाही. मलाही आवडत नाही. पण खरं हेच आहे, आणि हेच तुम्हाला सांगायचं होतं.

आज दुपारी तीन वाजता, रफीकभाई गोणी घेऊन खाली गेले असताना, दारात एक बाई आणि तिची मुलगी उभ्या राहिल्या. रंजनाबाई. हडपसरच्या मंडईत पालेभाजी विकतात. सोळा वर्षांपूर्वी त्यांचा नवरा गेला तेव्हा त्याच्या दाखल्यासाठी आपण त्यांच्याबरोबर दोन मंगळवार उभे होतो. मुलगी तेव्हा कडेवर होती, तुमचा पेन चघळत. आता तिला नर्सिंगला प्रवेश मिळतोय. तिचं नाव साक्षी.

"ताई, पाटी कुटं ग्येली?" रंजनाबाईंनी पहिलं तेच विचारलं.

"उतरवली. कार्यालय बंद होतंय."

"सर ग्येल्याचं ऐकलं. मंडईत दोन दिस कुनी मला सांगितलंच न्हाई, मग कळलं." त्या पदराने चेहरा पुसून लगेच कामाला लागल्या. "ताई, हिचा नॉन-क्रीमीलेअरचा दाखला अडकलाय. शुक्रवारी पाच वाजेस्तोवर कॉलेजात द्यायचा. न्हाई दिला तर शीट ग्येली, पैसं भरून दुसरीकडं घ्यायची आपली ऐपत न्हाई."

साक्षी म्हणाली, "मॅडम, सगळे डॉक्युमेंट्स अपलोड केलेत. पोर्टलवर नुसतं पेंडिंग दाखवतंय. तीनदा गेलो, सर्व्हर डाऊन म्हणतात नाहीतर साहेब मीटिंगमध्ये."

मी फाईल बघितली. सगळं होतं, नीट लावलेलं. काहीच कमी नव्हतं. तिच्या हक्काची गोष्ट, कोणाच्या तरी टेबलावर नुसती पडलेली.

रंजनाबाई खाली वाकून हळू म्हणाल्या, "ताई, सरांची सही असंल की एखाद्या कागदावर. मागची तारीख टाकून दोन ओळी. सरांचं नाव बघितलं की करत्याल. सर असते तर..."

"सर असते तर दिली नसती."

"म्हाईत हाय. म्हनून तर तुमाला मागते."

मला हसू आलं, सर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

खणात नऊ कागद होते. मेमधल्या लग्नांसाठी सह्या करून ठेवलेले, वर 'माजी खासदार', खाली तुमची ती घाईतली सही. मी त्यांना बसायला सांगितलं आणि एक कागद प्रिंटरमध्ये घातला. माझा हिशेब सरळ होता. तुमच्यासाठी मी रांग मोडली, मग या मुलीसाठी का नाही? तुम्ही पंचाहत्तरचे होता, ही अठराची आहे. तुम्हाला अकरा दिवस मिळाले, हिचा सगळा जन्म समोर आहे. कोणत्याही वर्गात मांडा, उत्तर एकच येईल. चार ओळी टाईप केल्या. चांगल्या झाल्या, आखूड आणि मुद्द्याच्या.

मग तारखेपाशी थांबले.

साक्षीने अर्ज केला तेव्हा तुम्ही दवाखान्यात होता. त्याआधीची तारीख घालता येत नव्हती, तेव्हा अर्जच नव्हता. त्यानंतरची घालायची तर त्या दिवसांतली एक निवडायला हवी होती. मी एकेक आठवून बघितली. त्या दिवशी तुमच्या उजव्या हाताला सुई होती आणि हात बांधून ठेवला होता. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, खाली किती आहेत, मी सहा म्हटलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ. तुम्हाला पेला धरता येत नव्हता त्या दिवसांत मी तुमच्याकडून सही करून घेणार होते, तीही रांग मोडायला. एक खोटं मी तुमच्या जिवासाठी बोलले. हे दुसरं तुमच्या हाताने बोलले असते.

मी स्क्रीनवरचं पुसलं. प्रिंटरमधला कागद काढला, बाकीचे आठ घेतले आणि नऊच्या नऊ चार-चार तुकडे करून गोणीत टाकले. रंजनाबाई बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे तत्त्वाचं खूळ तुमच्याबरोबर गेलं असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"आता?" त्या म्हणाल्या.

"उद्या सकाळी साडेसहाला कचेरीच्या दारात. आठला टोकन सुटतात."

"आन् न्हाई झालं तर? एकच दिस उरतो, ताई."

"तर शुक्रवारी पुन्हा."

"तुमी येनार?"

"येणार."

साक्षीने आईचा हात धरला आणि म्हणाली, "चल ना, आई. मॅडम येतायत म्हणजे ठीक आहे." ते 'ठीक आहे' तिने आईसाठी म्हटलं होतं, तिचा स्वतःचा चेहरा काही ठीक नव्हता. आणि मी त्यांना शब्द काहीच देऊ शकत नव्हते. तुमचा मार्ग बरोबर आहे याची मला आजही खात्री नाही, सर. तो लांबचा आहे आणि वाटेत माणसं गळतात, हे मी तीस वर्षं बघितलंय. विलासला विचारा. आपलं हे भांडण अर्धंच राहिलं आणि आता त्यातली तुमची बाजूही मलाच मांडायला लागणार, हा माझ्यावर अन्याय आहे.

रफीकभाई वर आले. गोणीकडे बघून म्हणाले, "मॅडम, यात सरांची सही दिसतेय."

"रद्दी," मी म्हटलं.

त्यांनी गोणीचं तोंड बांधलं. पाटी मात्र त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवली होती.

गुरुवार, १० जुलै. आज सकाळी पावणेसातला मी पोचले. साडेसहा म्हटलं होतं, रिक्षा मिळायला उशीर झाला. रंजनाबाई आणि साक्षी कचेरीच्या फाटकापाशी माझी वाट बघत उभ्या होत्या. रांगेत लागल्या नव्हत्या, मला सोडून कसं उभं राहायचं म्हणून. मी रागावले. रांग भिंतीला धरून वळणापर्यंत गेली होती. शिपाई कुलूप काढत होता. त्याने मला ओळखलं.

"मॅडम! साहेबांचं वाचलं पेपरात. फार वाईट झालं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चला, मागच्या दाराने घेतो. पाच मिनिटांचं काम."

रंजनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. साक्षीनेही.

"नंबर आला की येतो आम्ही," मी म्हटलं.

रांगेच्या टोकाला गेलो. मी मोठ्याने विचारलं, "शेवटचं कोण?" चौकटीच्या शर्टातल्या एका माणसाने हात वर केला. त्याचा चेहरा लक्षात ठेवला. साक्षीला पुढे उभं केलं आणि तिला ते तीन प्रश्न पाठ करायला सांगितलं. मग पिशवी तिच्याकडे दिली आणि फाटकापर्यंत चालत जाऊन परत आले, बोटाने एकेक मोजत.

सर, आज आपल्या आधी बेचाळीस माणसं होती.